फळीची कड आणि खंडेनवमीचा नारळ

बेलापूर, कोजागिरीचा दुसरा दिवस, शुक्रवार

आदरणीय विहीणबाई भागिरथीबाई,

बेलापूरहून सहादेवचा रामराम. झुंबरबाईचाही आहेच, पण ती सध्या माझ्या तोंडून काही सांगायला तयार नाही, त्यामुळे तिचा वेगळा समजून घ्या.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून तेवढं लिहून टाकतो. खरं कसे आहोत ते पुढे येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? मागे शेंडीला आलो होतो तेव्हा तुम्ही तंबूच्या खुंट्या स्टुलावर बसून ठोकत होता, आणि डॉक्टरांनी चढउतार बंद करायला सांगितलाय असं वर आम्हालाच सांगत होता. तुमचं घर वर, तंबू त्याच्या खाली आणि धरण त्याच्याही खाली. डॉक्टरांनी एकदा येऊन बघायला हवं होतं. पाऊस उघडलाय, आता पर्यटक वाढतील, तर एखादी बाई लावा हाताखाली. (हे सांगायचा मला अधिकार नाही, ठाऊक आहे. आमचे व्याही असते तर त्यांना सांगितलं असतं.) पत्र बघून घाबरू नका. फोनच केला असता, पण तुमच्याकडे रेंज येते ती एका आंब्याच्या झाडाखाली, आणि तिथे कायम दोनचार पुण्याचे पाहुणे आपापल्या घरी फोन लावत उभे असतात. शिवाय तुम्ही स्पीकर लावून बोलता. मला जे सांगायचंय ते पुण्याच्या पाहुण्यांनी ऐकण्यासारखं नाही. व्हॉट्सअपवर लिहावं तर आमच्या घरात सगळ्यांचे फोन उघडायचा आकडा एकच आहे, चेतनच्या लग्नाची तारीख. तेव्हा कागदच बरा.

आधीच सांगतो, हे पत्र काही मागायला लिहिलेलं नाही. मुलाकडचा माणूस मुलीच्या आईला पत्र लिहितो म्हणजे काहीतरी मागणारच, असं तुमच्या मनात येईल, आणि तसे लोक आमच्या भागात आहेतही, पण मी त्यातला नाही. लग्नातसुद्धा मी मानाची टोपी सोडून काही घेतलं नव्हतं, आणि ती टोपी मला मोठी झाली हेही कुणाला बोललो नव्हतो. (आज पहिल्यांदा बोलतोय.) तर विषय तुमच्या दिशाच्या फळीचा आहे. परवा रविवारी ती मालवणच्या शिबिराहून परत येतेय, आणि जाताना तिने माझ्या भरवशावर सोडलेली फळी तिला जशीच्या तशी दिसली पाहिजे. एवढीच गोष्ट आहे. ती मीच नीट सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून वाकडीतिकडी तुमच्या कानावर यायला नको.

फळी तुमच्या डोळ्यांसमोर असेलच. उभं राहून वल्हवायची, साडेदहा फुटी, पांढरी, कडेने निळा पट्टा, कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टकडून तिने जुनी घेतलेली. वैशाखात पोरगी लग्न होऊन आली तेव्हा टेम्पोतून कपाट, पलंग असं काही उतरेल म्हणून मी चार माणसं बोलावून ठेवली होती. उतरली ती एक बॅग आणि ही फळी. चार माणसांनी मिळून बॅग उतरवली, कारण फळीला तिने कुणाला हात लावू दिला नाही. आमच्या हॉलमध्ये ती तिरकी ठेवली तरच मावते, आणि तिरकी ठेवली की टीव्हीवरच्या बातम्यांची खालची पट्टी झाकली जाते. पाच महिने झाले, मी बातम्या नुसत्या ऐकतोय. तक्रार नाही, वस्तुस्थिती सांगतोय. रविवारी सकाळी ती प्रवरेच्या बंधाऱ्यावर जाते आणि पाण्यावर उभी राहून पार वरच्या वळणापर्यंत जाऊन येते. सुरुवातीला पुलावर माणसं गाड्या थांबवून बघायची. हल्ली कुणी मान वळवत नाही, म्हणजे पोरगी गावात मुरली असं मी समजत होतो. आता कडेचं सांगतो. वल्हं मारताना दर खेपेला त्याचा दांडा फळीच्या कडेला घासतो (कडेला तुमच्या धंद्यात रेल म्हणतात), त्यामुळे डाव्या कडेचा हातभर रंग उडालेला आणि टवके पडलेले. चाळीस वर्षं ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि उसाच्या गाड्या रंगवलेल्या माणसाच्या हॉलमध्ये रंग उडालेली वस्तू उभी, येणाऱ्या गिऱ्हाइकाला काय वाटत असेल? मी दोनदा तिला म्हटलं, आण वर्कशॉपमध्ये, दहा मिनिटांचं काम आहे. तिने हसून सांगितलं, "पप्पा, ते नुसतं दिसण्यापुरतं आहे. पाण्यात काही फरक पडत नाही. राहू द्या." मालवणला निघाली तेव्हा एसटीच्या पायरीवरून पुन्हा तेच, फळीला काही करू नका. आता ज्या माणसाचा सगळा धंदाच दिसण्यापुरता आहे त्याला हे लागणार की नाही, तुम्हीच सांगा. पण मी शब्द दिला, आणि दोन दिवस पाळला.

तिसऱ्या दिवशी खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी वर्कशॉप बंद आणि घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा. कॉम्प्रेसर, स्प्रे गन, ग्राइंडर, चेतनची मोटरसायकल, झुंबरबाईचं शिलाई मशीन, विळे, खुरपी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. पूजा करता करता माझ्या मनात आलं, घरातल्या सगळ्यांचं हत्यार पूजलं आणि सुनेचं तेवढं राहिलं, हे बरं दिसत नाही. ती काय परकी आहे? झुंबरबाईलाही पटलं. (आता ती म्हणते पटलं नव्हतं.) फळी दोन स्टुलांवर आडवी ठेवली, ओल्या फडक्याने पुसली. पुढचं टोक कुठलं यावर थोडा वाद झाला, टोकदार बाजू पुढची असं ठरलं, तिथे कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि माळ घातली. फार छान दिसत होती. मी फोटोही काढला होता, तो नंतर पुसून टाकला. मग राहिला नारळ. ट्रॅक्टरला नारळ फोडताना मी तो पुढच्या लोखंडी बंपरवर आपटतो. वर्कशॉपमधून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला मीच फोडतो, लोक मला त्यासाठी थांबवून ठेवतात, इतका माझा हात बसलेला आहे. डोळे मिटले, जेवढा येतो तेवढा मंत्र म्हटला, नारळ उचलला आणि जिथे बंपर असतो तिथे आपटला. फळीला बंपर नसतो. नारळ होता तसाच राहिला आणि फळीची डावी कड दोन बोटांच्या जागेत किंचित दबून तिला केसासारखे तडे गेले. झुंबरबाईने आधी नारळाकडे बघितलं, मग फळीकडे, मग परत नारळाकडे. नारळ फुटला नाही हा अपशकुन, की फळी फुटली हा, यात तिचा गोंधळ झाला असावा.

पूजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं, म्हणून नवमीला गप्प बसलो. दसऱ्याला सोनं वाटून झालं तसा मी फळी घेऊन वर्कशॉपमध्ये शिरलो. मनात हिशोब असा होता की पोचा पडलाय तो जुन्या टवक्यांना लागूनच, दोन्ही मिळून एकदम काढून टाकू, पोरीला कड नवी कोरी मिळेल आणि नारळाचा विषयच निघणार नाही. आता आमच्या धंद्याचा पहिला नियम असा, की पोचा आला तर वरचा रंग, जुनी पुट्टी, जे असेल ते घासत घासत पत्र्यापर्यंत जायचं. पत्रा दिसल्याशिवाय हात थांबवायचा नाही. माझ्या वस्तादाने हे मला कानफटात मारून शिकवलंय. मी मशीनला पॉलिश पेपर लावला आणि बसलो घासत. वरचा रंग गेला. खालचा पांढरा थर गेला. मग जाळीसारखं कापड लागलं, तेही गेलं. पत्रा काही येईना. म्हटलं, येईल आता. मला ठाऊक होतं हो, की फळी पत्र्याची नाही, मी इतका अडाणी नाही. पण हाताला ते ठाऊक नव्हतं. शेवटी मशीनखालून पांढरे दाणे उडायला लागले, वर्कशॉपभर, माझ्या मिशीवर, देवाच्या फोटोवर. नव्या टीव्हीच्या खोक्यात असतं ते थर्माकोल. एवढी मोठी वस्तू आणि आत थर्माकोल, म्हणजे पोरीला फसवलं असं वाटून मी त्या रिसॉर्टवाल्याला अर्धा तास शिव्या घातल्या. नंतर कळलं की सगळ्याच फळ्यांच्या आत तेच असतं आणि म्हणूनच त्या तरंगतात. त्या माणसाचा पत्ता तुमच्याकडे असेल तर माफी मागतो.

तोपर्यंतही भोक लिंबाएवढंच होतं. तिथे थांबलो असतो तर हे पत्र एका पानात संपलं असतं. पण ट्रॅक्टरची फायबरची टपं, कुलर, पाण्याच्या टाक्या मी रेझिन घालून जोडत आलोय, डबा कायम भरलेला असतो, म्हटलं हेही फायबरच. रेझिनमध्ये हार्डनर मिसळलं आणि खळग्यात ओतलं. ते आत गेलं. कमी पडलं असेल म्हणून आणखी ओतलं, तेही गेलं. लिंबाच्या आळ्यात पाणी सोडावं तसा मी ओतत होतो आणि फळी पीत होती. मग एक घाणेरडा वास सुटला, कड हाताला गरम लागली, तेव्हा बॅटरी लावून आत बघितलं. रेझिन लागेल तिथलं थर्माकोल विरघळून गेलं होतं. वरून तोंड लिंबाएवढं आणि आत अख्खा नारळ बसेल एवढी पोकळी. (बसतो का ते मी बघितलं नाही. झुंबरबाईने सुचवलं होतं.) जे नुकसान नुसतं दिसण्यापुरतं होतं ते मी दोन दिवसांत खरोखरीचं करून ठेवलं.

विहीणबाई, मी वर्कशॉपच्या पायरीवर बसलो आणि रडायचंच काय ते बाकी राहिलं. चेतन म्हणाला, त्यात काय, दुसरी घेऊ. तो पतसंस्थेत आहे, त्याला सगळं दुसरं घेता येतं असं वाटतं. पण झुंबरबाई जे बोलली ते माझ्या काळजाला लागलं. ती म्हणाली, "आवो, त्या पोरीचं या घरात हाय काय? भांडी माझी, पलंग तुमच्या आईचा, कपाट चेतनचं. तिची म्हनून एक फळी हुती, ती बी तुमी फोडली. आता दिवाळीला म्हायेरी गेली का कशाला परत येती ती?" मालवणच्या शिबिरातून फळी शिकवायचं सर्टिफिकेट मिळालं की तुमच्या धरणावर ते काम तिला कधीही मिळेल. तुम्ही तसं कधी बोलला नाहीत, पण मला कळतं. इथे तिच्यासाठी काय आहे? बंधाऱ्याचं पाणी, तेही धरणातून आवर्तन सुटलं तर. आणि मला ती इथे हवी आहे, हे स्पष्टच लिहितो. मुलगी नव्हती आम्हाला. ती आल्यापासून कुणीतरी वर्कशॉपच्या दारात येऊन मला जेवलात का म्हणून विचारतं. चेतनने हे जन्मात विचारलं नाही, आणि झुंबरबाई विचारत नाही, वाढून मोकळी होते. रविवारी पोरगी दारात आली आणि तिची एकुलती एक वस्तू आम्ही फोडून ठेवलेली तिने बघितली, तर ती काय म्हणेल ते मी मनात रोज वेगवेगळ्या शब्दांत ऐकतोय.

म्हणून फळी टेम्पोत घातली, वर चादर टाकली (पेशंट नेतात तशी) आणि श्रीरामपूरला छगनकडे गेलो. छगन माझा शाळासोबती, गणपतीची थर्माकोलची मखरं करायचा. बंदी आल्यापासून पुठ्ठ्याची करतो आणि दिवसातून चारदा थर्माकोलची आठवण काढतो. त्याने चादर बाजूला केली आणि म्हणाला की थर्माकोलला हे रेझिन चालत नाही, इपॉक्सी लागतं, पाचवीतल्या पोराला ठाऊक असतं. पाचवीतल्या कुठल्या पोराला, ते विचारलं तर नाव सांगेना. पण माणूस मदतीला पक्का. माळ्यावरून जुनं थर्माकोल काढलं, विरघळलेला भाग कापून चौकोन केला, आणि त्यात बसेल असा ठोकळा कोरायला घेतला. मी कोपऱ्यावर चहा प्यायला गेलो. परत येतो तर ठोकळा तयार, सुईची फट न ठेवता बसणारा, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला मोर. पिसाऱ्यासकट. मी त्याच्याकडे बघितलं तर म्हणाला, इतक्या वर्षांनी हाताला लागलं रे, राहवलं नाही. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. कडेला मोर ठेवता येत नाही, कड गोल लागते, आणि त्याच्यासमोर तो घासायची माझी छाती झाली नाही, म्हणून बेलापूरला आणून मग घासला. छगन कधी भेटला तर मोर आत आहे असंच त्याला सांगा.

पुढचं काम माझं होतं आणि ते मी माझ्या इतमामाने केलं. इपॉक्सीने ठोकळा बसवला, वरून काचेच्या कापडाचे दोन थर, एक दिवस वाळू दिलं, घासलं, पुट्टी, प्रायमर, रंग. पांढरा लगेच जमला. निळ्याने मात्र दम काढला, सात-आठ डबे उघडून झाले, शेवटी ट्रॅक्टरच्या निळ्यात करड्या प्रायमरचे चार थेंब पडले तेव्हा रंग मिळाला. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण डोळे मिटून बोट फिरवलं तरी जोड लागत नाही. आणि तिथेच पंचाईत झाली. हातभर कड नव्या नवरीसारखी चमकतेय आणि बाकीची फळी उन्हाने पिवळी पडलेली, हॉलच्या दारातूनच कळावं की इथे काहीतरी झालंय. शिवाय तिचे टवके. ते राहू द्या म्हणून तिने दोनदा सांगितलेलं, आणि आता ते नव्हते. ते परत करणं भाग होतं. चाळीस वर्षं मी जुन्याचं नवं करत आलो, आणि आता स्वतःच्या हातच्या रंगावर चहाचं पाणी चोळत बसलो, उन्हात ठेवला, पुन्हा चोळला. चेतनच्या मोबाईलमध्ये ती बंधाऱ्यावर उभी असलेला फोटो होता, तो बोटांनी मोठा करून टवके मोजले. सात होते. मोटरसायकलची किल्ली घेतली आणि एकेक टवका जागच्या जागी पाडला. पहिल्याला हात उचलेना, सातव्यापर्यंत बरा उचलायला लागला. आठवा चुकून पडला, तो परत रंगवून बुजवला.

आता पाण्यात तपासणं राहिलं. बंधाऱ्यावर नेली असती तर गाव जमलं असतं, म्हणून काल चुलतभावाच्या शेततळ्यावर नेली. तुमच्याकडे शेततळी फारशी नाहीत, म्हणून सांगतो: मोठा खड्डा, त्याला आतून प्लास्टिकचा कागद आणि कागदावर शेवाळ, त्यामुळे आत गेलेल्या माणसाचा पाय काठावर ठरत नाही. यासाठी तिथे दोर बांधलेला असतो. नुसती फळी झकास तरंगली. पण माणसाच्या वजनाने कड पाण्याखाली जायला हवी, त्याशिवाय काय कळणार, म्हणून मी दिशाचं लाइफ जॅकेट चढवलं (चेन पोटावर लागेना, नाड्या बांधल्या) आणि गुडघ्यांवर वर बसलो. तेवढं जमलं. मग ठिगळ ओलं झालं का ते बघायला डावीकडे वाकलो. त्यानंतर फळी एकीकडे आणि मी दुसरीकडे. झुंबरबाईने दोर फेकला, पण ओढायच्या आधी तिने मला तिथेच पाण्यात, आमच्या लग्नापासूनचं एकेक सगळं ऐकवलं. मी दोर धरून ऐकत होतो, दुसरा इलाज नव्हता. तिचे पुष्कळसे मुद्दे बरोबर आहेत. ठिगळातून पाण्याचा थेंब आत गेला नाही, ही त्यातली चांगली बातमी, आणि मला थोडी सर्दी आहे.

तर फळी आता हॉलमध्ये आपल्या जागी तिरकी उभी आहे आणि सगळं पहिल्यासारखं आहे. दिवाळसणाचं आमंत्रण तुम्ही चेतनला फोनवर दिलंत, ते पोचलं, दोघं येतील. गुडघ्याला निरगुडीचा पाला गरम करून बांधा असं झुंबरबाई सांगते. (हे तिने खरंच सांगितलंय.) आजवर आमच्यावर लोभ केलात, तो हे पत्र वाचून झाल्यावरही आटू देऊ नका.

आपला,
सहादेव

ता. क. : एक बारीकशी गोष्ट. वर लिहिलंय की काही मागत नाही, आणि हे मागणं नव्हेच. रविवारी दिशा पोचेल, आणि हे पत्र तुमच्या हाती पडल्यावर कधीतरी तिचा फोन येईलच. बोलता बोलता तुम्ही सहज म्हणायचं, की तुझ्या फळीची डावी कड मला लग्नाच्या आधीपासूनच जरा जड वाटायची. एवढंच वाक्य. (ठोकळा, इपॉक्सी आणि कापड मिळून डावीकडे सव्वा किलो वाढलंय. माझ्यासारख्याला कळत नाही, पण नेहमी उचलणाऱ्याला कळेल.) मी तुम्हाला खोटं बोलायला लावतोय असं समजू नका. तुम्हाला तेव्हा तसं वाटलं नव्हतं, हे तरी आज कुणाला नक्की आठवतंय?

ता. क. दुसरा, सोमवार सकाळ : शनिवारी मी पोस्टात पोचेपर्यंत डाक निघून गेली आणि काल रविवार, त्यामुळे पत्र इथेच आहे. दिशा काल दुपारी आली. तुमच्या वाक्याची वेळच आली नाही. तिने बॅग ठेवली, पाणी प्यायली, फळी काखेत घेऊन अंगणात गेली आणि चार पावलांवर थांबली. फळी खाली ठेवली, कडेवरून बोट फिरवलं. टवक्यांकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. मला म्हणाली, "पप्पा, आत काय भरलंय?" मी सगळं सांगितलं, नारळापासून. मोराचंही सांगितलं. शेततळ्याचं झुंबरबाईने सांगितलं. दिशाने सगळं ऐकून घेतलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. चेतन दारापर्यंत जाऊन परत आला. दुपारी माझ्याकडे कुणी जेवलात का विचारायला आलं नाही, आणि मी जेवलोही नाही. संध्याकाळी एका ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर मालकाचं नाव-गाव लिहीत बसलो होतो, हात चालू असला की डोकं जरा गप्प बसतं, तर दिशा फळी डोक्यावर घेऊन वर्कशॉपमध्ये आली. मला वाटलं, शेंडीला पाठवायची आहे, बांधून द्या म्हणणार. तिने ती स्टुलांवर ठेवली, ठिगळाची बाजू माझ्याकडे वळवली आणि म्हणाली, "इथून जाणाऱ्या सगळ्या गाड्यांवर गाव लिहिलेलं असतं. माझ्याच गाडीवर नाही. लिहा." मी ब्रश धुतला, पांढरा रंग घेतला. तुमचं गाव शेंडी, पण भंडारदरा म्हटलं की लांबच्या माणसालाही कळतं, म्हणून तेच लिहायचं मी मनात धरून चाललो होतो, अक्षरं कशी बसवायची तेही बघून ठेवलं होतं. तरी विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, "काय म्हणजे? मु. पो. बेलापूर." विहीणबाई, हे नाव मी आजवर हजार गाड्यांवर तरी लिहिलं असेल. काल मला 'बे' दोनदा पुसून लिहावा लागला.

ता. क. शेवटचा : पहिला ता. क. रद्द समजावा. आता मात्र खरंच एक मागणं आहे. दिवाळसणाला दोघांबरोबर फळीही येईल, पोरीला ती तुमच्या धरणावर फिरवायची आहे. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः टेम्पो घेऊन न्यायला येतो. (चेतनवर सोडलं तर तो आठ दिवस तिथेच राहील.) तुम्ही तिची आई आहात, आणखी चार दिवस राहा असं तिला म्हणाल, आणि म्हणायला हवंच. फक्त म्हणायच्या आधी एकदा फळीची डावी कड वाचून घ्या. अक्षरं मोठी काढली आहेत, चष्मा लागणार नाही.